पहिला घाणा आणि पिवळी जर्सी

माझ्याजवळ निळ्या पुठ्ठ्याची एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात ना घरखर्च आहे, ना कुणाचे पत्ते. आमची सौ. तिला ‘चुकांची वही’ म्हणते आणि, कबूल करायला हरकत नाही, ते नाव तिला शोभते. जुलै महिन्यात बाहेर पाऊस कोसळत असतो, घरात टीव्हीवर फ्रान्समधली ती प्रसिद्ध सायकल-शर्यत चालू असते. आणि तिच्यातली पहिली घड्याळाची शर्यत आटोपली की मी या वहीत एक नाव लिहितो, खाली तारीख घालतो आणि सही ठोकतो. ते नाव म्हणजे माझे भाकीत. शेवटच्या दिवशी पिवळी जर्सी कोणाच्या अंगावर असेल, त्याचे.

आता तुम्ही म्हणाल, या वयात ही नसती उठाठेव कशाला? त्याचे असे आहे, की चौतीस वर्षे मी विमा कंपनीच्या हिशेब खात्यात काढली. अर्जदाराचे वय, वजन, रक्तदाब आणि त्याचे वडील कशाने वारले, एवढ्या चार गोष्टींवरून तो गृहस्थ किती वर्षे हप्ते भरील याचा अंदाज बांधायचा, हे आमचे काम. थोडक्या माहितीवरून पुढचे सगळे ओळखायची खोड तिथेच जडली. मी निवृत्त झालो. खोड झाली नाही.

ही वही पहिल्या पानापासून उलगडून पाहायची वेळ मात्र कधी आली नव्हती. ती आणली आमच्या नातीने.

मुग्धा नववीत आहे. सायकलीचे वेड तिला माझ्या शेजारी बसून ती शर्यत पाहतापाहता लागले, तेव्हा अपराध माझाच. आमच्या भागातल्या मुलामुलींच्या एका सायकल-मंडळात ती जाते. मंडळाला आपल्या संघासाठी सहा मुली निवडायच्या होत्या. पद्धत अशी, की तीन रविवारी तीन परीक्षा. पहिल्या रविवारी सपाट रस्त्यावर चार किलोमीटर, एकेकटीने, घड्याळ लावून. दुसऱ्या रविवारी तसेच वीस किलोमीटर. तिसऱ्या रविवारी दिवे घाट. तिन्ही वेळांची बेरीज करून पहिल्या सहाजणी घ्यायच्या. म्हणजे फ्रान्सच्या शर्यतीची घरगुती आवृत्तीच म्हणा ना!

पहिला रविवार गौरी यायच्या आधीचा. मुग्धा एकतीस मुलींत एकोणिसावी आली. पहिल्या मुलीच्या मागे ४१ सेकंद. घरी आली ती कुणाशी बोलली नाही. सायकल जिन्याखाली लावली, तिच्यावर एक जुनी चादर टाकली आणि माझ्याजवळ येऊन बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली,

“आजोबा, पहिल्या दिवशी मागे पडलेला कधी जिंकतो का हो? खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून काहीतरी नका सांगू.”

ते शेवटचे वाक्य ऐकले आणि मी निमूटपणे कपाटातून वही काढली.

मुग्धाला शर्यत समजावून सांगण्याची गरज नव्हती. पण वाचकांपैकी ज्यांना ती ठाऊक नसेल त्यांच्यासाठी चार ओळी लिहितो. ‘टूर द फ्रान्स’ १९०३ साली सुरू झाली ती ‘लोतो’ नावाच्या क्रीडा-दैनिकाचा खप वाढावा म्हणून. आंरी देग्रांज हे तिचे संपादक. दैनिकाचा कागद पिवळा, म्हणून १९१९ पासून आघाडीवर असलेल्या सायकलपटूला पिवळी जर्सी देऊ लागले. आजच्या स्वरूपात शर्यत तीन आठवडे चालते, २१ टप्पे असतात आणि अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या आगेमागे भरते. रोज प्रत्येकाची वेळ टिपायची, सगळ्या दिवसांची बेरीज करायची, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी.

एरवीच्या टप्प्यांत दीडशेहून जास्त सायकलपटू घोळक्याने धावतात, एकमेकांच्या आडोशाने वारा चुकवतात. घड्याळाच्या शर्यतीत, म्हणजे टाइम ट्रायलमध्ये, तसे नसते. एकेकाला मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने सोडतात. पुढे कोणी नाही, आडोसा नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये बसावे तसा प्रत्येकजण आपला पेपर आपण सोडवतो. फ्रान्सच्या शर्यतीत हा प्रकार १९३४ साली आला. पुढे १९६७ साली आंजे गावी शर्यतीच्या आरंभालाच सहा किलोमीटरांहून थोडी कमी अशी एक छोटी घड्याळी शर्यत ठेवली. फ्रेंच लोक तिला ‘प्रोलॉग’ म्हणतात. आपण नाटकाच्या भाषेत ‘नांदी’ म्हणू.

तर प्रश्न असा : नांदी ऐकून नाटक कसे होणार ते सांगता येते का?

“हे बघ,” मी मुग्धाला म्हणालो, “१९६७ ते २०२५ या काळात सुमारे ४५ वेळा ही शर्यत एकेकट्याच्या घड्याळी शर्यतीने सुरू झाली. पहिल्या दिवशी पहिला आलेलाच शेवटीही पहिला, असं किती वेळा झालं असेल?”

“वीस वेळा?”

“आठ.”

तिने वही आपल्याकडे ओढली. आठ ओळी मी निळ्या शाईने अधोरेखित केलेल्या आहेत. बेल्जियमचा एडी मर्क्स १९७०, १९७२ आणि १९७४ साली. फ्रान्सचा बर्नार्ड इनो १९८१, १९८२ आणि १९८५ साली. स्पेनचा मिगेल इंदुराइन १९९२ आणि १९९३ साली. अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगनेही १९९९ आणि २००२ साली पहिला दिवस जिंकून शेवट जिंकला होता. पण उत्तेजक द्रव्यांपायी त्याची सातही विजेतेपदे २०१२ साली काढून घेण्यात आली, तेव्हा त्या दोन ओळींवर लाल रेघ आहे. १९९९ ते २००५ या सात वर्षांची विजेत्याची जागा शर्यतीच्या दप्तरातच कोरी आहे.

“आठ वेळा, पण माणसं तीनच,” मुग्धा म्हणाली. पोर हिशेबाला चांगली आहे.

आणि ती तीन माणसे कोण, हेच महत्त्वाचे. मर्क्स, इनो आणि इंदुराइन या तिघांनीही ही शर्यत प्रत्येकी पाच वेळा जिंकलेली आहे. दप्तरात पाच विजेतेपदे असलेला चौथा माणूस एकच, जाक आंकेतिल. तो नांदीच्या आधीच्या काळातला. पण १९६१ साली पहिल्याच दिवशी, सकाळच्या टप्प्यानंतर, व्हर्सायला साडेअठ्ठावीस किलोमीटरची घड्याळी शर्यत होती. आंकेतिलने ती जिंकली, पिवळी जर्सी चढवली आणि पॅरिस येईपर्यंत ती दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागू दिली नाही.

म्हणजे पहिल्या दिवसाने शेवट बरोबर सांगितला तो या अशा चौघांच्या बाबतीत, की ज्यांचे नाव सांगायला त्या दिवसाची गरजच नव्हती! आणि तेही दरवेळी नाहीच. इनोने एकूण पाच नांद्या जिंकल्या. त्यांपैकी १९८० साली गुडघा दुखावल्याने त्याला पिवळी जर्सी अंगावर असताना पो गावी शर्यत सोडावी लागली; १९८४ साली लोराँ फिन्याँने त्याला दहा मिनिटांहून अधिक मागे टाकले.

पाच नांद्या जिंकणारा आणखी एकजण आहे. त्याने माझी तीन भाकिते बुडवली. स्वित्झर्लंडचा फाबियान कान्सेलारा. २००४ साली लिएज, २००७ साली लंडन, २००९ साली मोनॅको, २०१० साली रॉटरडॅम आणि २०१२ साली पुन्हा लिएज. पहिल्या दिवशी तो असा काही धावे, की वाटावे, आता उरलेल्यांनी घरी जावे. मी २००९ साली त्याचे नाव लिहिले. २०१० साली लिहिले. २०१२ सालीही लिहिले, तेव्हा सौ. म्हणाली, “अहो, त्या बिचाऱ्याला सोडा आता.” कारकिर्दीत २९ दिवस त्याने पिवळी जर्सी घातली. शर्यत कधीच न जिंकलेल्या माणसांत हा विक्रम आहे. इंग्लंडचा क्रिस बोर्डमन याचीही तीच कथा. १९९४ साली लीलच्या नांदीत त्याने ताशी ५५ किलोमीटरांहून अधिक वेग गाठला. १९९७ आणि १९९८ साली पुन्हा पहिला आला. अंतिम यादीत वरच्या बाजूला त्याचे नाव शोधू नका.

असे का व्हावे? कारण सोपे आहे. सपाट रस्त्यावर ताशी पन्नास किलोमीटरने जाणाऱ्याची बहुतेक ताकद खर्च होते ती वाऱ्याशी झगडण्यात. वेग दुप्पट झाला की हवेचा अडसर चौपट होतो. अशा ठिकाणी भरदार मांड्यांचा, ऐंशी किलोंचा गडी किरकोळ माणसाला सहज भारी पडतो, कारण त्याचे इंजिन मोठे असते आणि हवा काही त्याच्या वजनाचा हिशेब करीत नाही. पण आल्प्स किंवा पिरेनीज पर्वतांतला घाट लागला, की वेग मंदावतो, वारा बाजूला राहतो आणि वजन हिशेबात येते. प्रत्येक किलो स्वतःच्याच पायांनी वर न्यायचा. तिथे ‘ताकद किती’ हा प्रश्न नसतो. ‘दर किलोला ताकद किती’ हा असतो. आठ-दहा मिनिटांच्या नांदीत हा प्रश्न पेपरात येतच नाही. इंदुराइनसारखा ऐंशी किलोंचा असूनही घाटात टिकणारा माणूस विरळा. म्हणून तर तो पाच वेळा जिंकला.

दुसरी गोष्ट थकव्याची. पहिल्या दिवशी सगळेच ताजे असतात. रोज पाच-पाच तास सायकल मारून अठराव्या दिवशी सकाळी कोण उठून बसतो आणि कोण कण्हत उठतो, ते पहिल्या दिवसाच्या घड्याळाला कसे कळावे?

मग मी मुग्धाला माझे लाडके पान दाखवले. १९९८, डब्लिन. त्या वर्षी शर्यत आयर्लंडमध्ये सुरू झाली. ५.६ किलोमीटरच्या नांदीत इटलीचा मार्को पान्तानी १८९ जणांत १८१ वा आला. सातव्या टप्प्याच्या ५८ किलोमीटरच्या घड्याळी शर्यतीत त्याने जर्मनीच्या यान उलरिखला चार मिनिटांहून जास्त वेळ दिला. आणि २७ जुलैला, थंडीपावसात, गालिबिए घाटात त्याने सायकल अशी काही उचलली, की ले द्युझाल्प येथे टप्पा संपला तेव्हा उलरिख जवळजवळ नऊ मिनिटे मागे होता. शेवटी पान्तानीने शर्यत तीन मिनिटे एकवीस सेकंदांनी जिंकली.

मुग्धाचे डोळे चमकले. “एकशे एक्याऐंशीवा!” ती म्हणाली. “मी तर एकोणिसावीच आहे.”

वाचकहो, इथेच वही मिटावी असा मोह मला झाला. पोरीचा चेहरा फुलला होता, स्वयंपाकघरातून चकलीचा वास येत होता. पण तिने ‘खरं सांगा’ म्हटले होते, आणि वहीतली निम्मी पाने अजून उलटायची होती.

आधी पान्तानीचेच. ते वर्ष उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणाने काळवंडलेले होते. एक अख्खा संघ बाहेर काढावा लागला. २०१३ साली फ्रेंच सिनेटचा अहवाल आला, त्यात १९९८ च्या जपून ठेवलेल्या नमुन्यांत दोष निघालेल्यांमध्ये पान्तानी आणि उलरिख दोघांचीही नावे होती. ते मी तिला सांगितले. आणि हेही सांगितले, की घाटात चार-पाच मिनिटे भरून काढणारा असा माणूस शंभरांत एखादाच.

मग दुसरा हिशेब मांडला. नांदी छोटी असते. पण पहिल्या आठवडा-दहा दिवसांत पंचवीस, चाळीस, कधी साठ-सत्तर किलोमीटरची घड्याळी शर्यत असेल, तर गोष्ट बदलते. अर्धा-पाऊण तास किंवा तासापेक्षा जास्त वेळ एकट्याने झुंजायचे म्हणजे केवळ मांड्यांचे काम नव्हे. तिथे दमाचा कस लागतो, आणि घाटातही दमच लागतो.

१९९२ साली लक्झेंबर्गच्या ६५ किलोमीटरमध्ये इंदुराइनने दुसऱ्या क्रमांकाला पुरी तीन मिनिटे मागे टाकले. शर्यत तिथेच जवळजवळ संपली. २०१२ साली बेझांसाँच्या घड्याळी शर्यतीत ब्रॅडली विगिन्स पहिला आणि क्रिस फ्रूम दुसरा. पॅरिसलाही विगिन्स पहिला, फ्रूम दुसरा. २०२१ साली पाचव्या दिवशी लावाल येथे ताडेय पोगाचार पहिला आला, आणि तिसऱ्या जागी डेन्मार्कचा योनास विंगेगार्ड हे नाव होते. तो शर्यतीला आला होता तो आपल्या संघनायकाचा मदतनीस म्हणून. पेपरवाल्यांना त्याचे नाव नीट लिहिता येत नव्हते. घड्याळाला मात्र त्या दिवशीच तो दिसला. पॅरिसला पोगाचार पहिला, विंगेगार्ड दुसरा! २०२४ साली सातव्या टप्प्यात एव्हेनेपुल, पोगाचार, रोग्लिच, विंगेगार्ड असा क्रम लागला. रोग्लिच पुढे पडून जखमी झाला आणि बाहेर गेला. उरलेले तिघेच शेवटच्या मंचावर उभे राहिले. फक्त क्रम बदलला : पोगाचार, विंगेगार्ड, एव्हेनेपुल.

“म्हणजे लांबच्या शर्यतीवरून कळतं,” मुग्धा म्हणाली.

“पहिला कोण ते नाही कळत. पहिला ज्यांतून निघायचा ते चार-पाचजण कोण, ते कळतं.”

हे मला स्वतःलाही त्याच क्षणी उमगले. इतकी वर्षे मी यादी वरून वाचत होतो. पहिले नाव पाहायचे आणि वहीत उतरायचे. ती खालून वाचायला हवी होती. म्हणजे कोण गेला ते पाहायचे, आणि जे उरले त्यांत घाट चढणारा शोधायचा. २०२२ साली कोपनहेगनला इव्ह लाम्पार्ट पहिला आला. स्वतःला शेतकऱ्याचा मुलगा म्हणवणारा साधा बेल्जियन गडी, त्याचे स्वतःचेच डोळे भरून आले होते. तिसरा पोगाचार, सातवा विंगेगार्ड. दोघांत अंतर आठ सेकंदांचे. मी पोगाचार लिहून मोकळा झालो. जिंकला विंगेगार्ड, पावणेतीन मिनिटांच्या फरकाने. आठ सेकंदांनी काही सांगितलेच नव्हते; मी आपला त्यांच्या तोंडी शब्द घातले. २०२५ साली काँ येथे ३३ किलोमीटरमध्ये हाच विंगेगार्ड पोगाचारच्या मागे एक मिनिट पाच सेकंद राहिला. हा आकडा मात्र बोलत होता. ती शर्यत पोगाचारने सव्वाचार मिनिटांहून जास्त फरकाने घेतली. आणि काँला पहिला आलेला एव्हेनेपुल? तो चौदाव्या टप्प्यात शर्यत सोडून गेला.

तिसरा हिशेब सगळ्यांत कडू. पहिल्या दिवशी जिंकता येत नसेल, पण हरता येते. १९८९ साली लक्झेंबर्गच्या नांदीला आदल्या वर्षीचा विजेता पेड्रो देल्गादो आपल्या वेळेला सुरुवातीच्या फळीवर हजरच नव्हता. दोन मिनिटे चाळीस सेकंद उशिरा तो धावत आला. घड्याळ तोवर चालूच होते. पुढे तीन आठवडे हा माणूस जिवाचे रान करून धावला आणि तिसरा आला, साडेतीन मिनिटे मागे. शेवटच्या बेरजेतून ती दोन मिनिटे चाळीस सेकंद कुणी वजा केली नाहीत.

त्याच नांदीत अमेरिकेचा ग्रेग लेमाँड आणि फ्रान्सचा फिन्याँ, दोघेही पहिल्याच्या मागे बरोबर सहा सेकंद होते. पहिल्या दिवशी दोघांत अंतर शून्य. लेमाँडला दोन वर्षांपूर्वी शिकारीत चुकून गोळी लागली होती; तो संपला असेच सगळे धरून चालले होते. पाचव्या टप्प्यात रेनला ७३ किलोमीटरची घड्याळी शर्यत त्याने जिंकली तेव्हा कळले, की तो परत आला आहे. पुढे पिवळी जर्सी त्या दोघांत इकडून तिकडे फिरत राहिली. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस साडेचोवीस किलोमीटर, पुन्हा घड्याळ लावून. लेमाँड पन्नास सेकंद मागे होता. त्याने ते पन्नास पुसले आणि वर आठ मिळवले. तीन हजारांवर किलोमीटर आणि फरक आठ सेकंद! अशा बेरजेत पहिल्या दिवसाचा एखादा सेकंद लहान म्हणायचा कसा?

रेमों पुलिदोरला विचारा. १९६७ च्या त्या पहिल्या नांदीत तो सहा सेकंदांनी दुसरा आला. १९७३ साली योप झुटेमेल्कने त्याला एका सेकंदाच्या आठ-दशांशाने हरवले. फ्रान्सने डोक्यावर घेतलेला हा माणूस उभ्या कारकिर्दीत एक दिवसही पिवळी जर्सी घालू शकला नाही. २०२१ साली त्याचा नातू मॅथ्यू व्हान डर पूल याने ती घातली, तेव्हा आजोबा हयात नव्हते.

हे वाचून दाखवताना माझा आवाज थोडा घोगरा झाला असावा. मुग्धा माझ्याकडे पाहू लागली. “तुम्ही काय सांगताय, आजोबा? मी जाऊ का नको?”

खरे सांगायचे तर मलाच कळेना. एकोणिसावी, ४१ सेकंद. आमच्या खात्यात असा अर्ज आला असता तर मी काय शेरा मारला असता, ते मला ठाऊक होते.

तेवढ्यात सौ. स्वयंपाकघराच्या दारात आली. गौरीच्या फराळाच्या चकल्या चालू होत्या. हातात ताटली, ताटलीत चकल्यांचे तुकडे.

“पहिला घाणा गेला,” ती म्हणाली. “मोहन जास्त झालं. तेलात टाकल्याबरोबर सुटल्या.”

“मग आता सगळ्या तशाच होणार?” मुग्धाने विचारले.

“का म्हणून? पहिल्या घाण्यावरून डबा कसा होणार ते कधी कळतं का गं? काय चुकलंय, तेवढं कळतं. भाजणी घातली थोडी, मळलं पुन्हा.” आणि ताटली पुढे करून म्हणाली, “हा घाणा गेला तो गेलाच. तो काही डब्यात जायचा नाही. खा तुम्ही दोघं.”

मी वहीकडे पाहिले. ४५ शर्यती, तीन हिशेब, अर्धे आयुष्य आकडेमोडीत. आणि जे मला सांगता येत नव्हते ते सौ.ने झारा हातात घेऊन सांगितले. पहिला दिवस शेवट सांगत नाही. काय चुकले ते सांगतो. आणि जे गेले ते परत देत नाही.

मुग्धाने तुकडे खाल्ले. “माझी सुरुवात चुकली,” ती आपणहून म्हणाली. “शिट्टी झाल्यावर पाय बसवण्यातच वेळ गेला. आणि वळणावर मी घाबरून फार लवकर ब्रेक दाबला.” संध्याकाळी चादर पुन्हा कपाटात गेली.

दुसरा रविवार गणपती उठल्यावरचा. वीस किलोमीटरमध्ये मुग्धा अकरावी आली. तिसऱ्या रविवारी मी स्वतः दिवे घाटाच्या माथ्यावर छत्री घेऊन उभा होतो. माझी नात अंगाने किरकोळ आहे, आजीवर गेली आहे. सपाटीवर ते तिला नडते. त्या दिवशी मात्र धुक्यातून पहिल्यांदा एक मुलगी वर आली, मग दुसरी, आणि तिसरी आमची मुग्धा. तोंड लाल, केसांतून पाणी निथळते आहे. मी छत्री टाकून टाळ्या वाजवल्या, हे इथे नमूद करतो.

मग बेरीज झाली. मुग्धा आठवी. सहावीच्या मागे १७ सेकंद.

निवड सहाजणींची होती. वाचकहो, ही गोष्ट मी रचली असती तर ती सहावी आली असती. पण वहीत जे घडले तेच लिहायचे, असा माझा नियम आहे. घरी येताना रिक्षात ती गप्प होती. मीही गप्प. कोणता उपदेश करायचा? घराजवळ आल्यावर म्हणाली, “आजोबा, पहिल्या रविवारी एक्केचाळीस सेकंद गेले नसते तर?”

“तर तू संघात असतीस.”

“आणि दुसऱ्या रविवारी गेलेच नसते तर?”

“तर तुला घाट चढता येतो हे कुणालाच कळलं नसतं. तुलासुद्धा.”

तिने मान हलवली. पटले की नाही ते मला सांगता येणार नाही. भाकिते करणे मी हल्ली कमी केले आहे.

पुढली निवड उन्हाळ्यात आहे. रोज सकाळी साडेपाचला आमच्या गल्लीत एक शिट्टी वाजते. ती माझी. शिट्टी झाली की मुग्धा पाय बसवते आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत सुटते. मी घड्याळ पाहतो. ती वळून परत येते. आणि पुन्हा शिट्टी. रोज दहा वेळा. शेजाऱ्यांनी अजून तक्रार केलेली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

निळ्या वहीत मी एक नवे पान सुरू केले आहे. त्याच्यावर नाव एकच आहे, पण खाली भाकीत नाही. नुसत्या तारखा, आणि तारखांसमोर सेकंद.

काल दिवाळीच्या चकल्या झाल्या. सौ.ने पहिला घाणा काढला, एक चकली मोडून पाहिली आणि काही न बोलता दुसरा घाणा सोडला. मुग्धाने मला डोळ्यांनीच विचारले. मी म्हटले, “मला विचारू नकोस. डबा भरू दे.”